लिमये आजोबांची इंग्रजी गिरणी

प्रिय मुक्ता आणि ओंकार,

काल तुमच्या आईने फोनवर विचारलं, "आई, तू पाठवलेल्या खोक्यात लाडवांच्या खाली एक लाकडाचा ठोकळा आहे. तो चुकून आलाय का?" चुकून आलेला नाही. माझ्या हातून खोक्यात चुकून काही जात नाही, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं.

तो ठोकळा म्हणजे एक दात आहे. सफरचंदाच्या लाकडाचा. तुम्ही राहता त्याच देशात, इंग्लंडमध्ये, तो कुणीतरी हाताने तासला. मग तो जहाजातून जपानला आला, आणि आता विमानाने परत तुमच्याकडे आला आहे. कुणी तो कचऱ्यात टाकायच्या आत त्याची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचावी, म्हणून आजच लिहायला बसले. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तेव्हा वाक्यं लहान ठेवते. अडलं तर आईला विचारा. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनी तिची सायकल एकदा दुरुस्त केली होती. त्यानंतर ती सायकल फक्त डावीकडे वळायची.

तर, लिमये आजोबा.

लिमये आजोबा कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जातात. बूट काढतात, "वहिनी, आहात का?" म्हणतात, आणि उत्तराची वाट न पाहता पिठाचा डबा उघडतात. चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून, डोळे मिटून चोळतात. मग निकाल देतात. "जाड." किंवा "घाईत दळलंय." किंवा "दगड तापला होता." त्यानंतर नमस्कार करतात. इथे तोक्योत फुनाबोरीपासून ओजिमापर्यंत असं एक मराठी घर नसेल ज्याच्या पिठात त्यांचा अंगठा गेलेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर केतकी राहते. जपानी कंपनीत काम करते, स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. गणपतीत ते तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "काका, हात धुतलेत का?"

"धुतले. हे पीठ कुठलं?"

"दुकानातलं. पाकिटावर सगळं लिहिलंय."

"लिहिलं असेल. पण हे मेलेलं पीठ आहे."

"काका, त्याचेच मोदक केलेत."

"मग दोन द्या," ते म्हणाले, आणि पाच खाल्ले.

ते पुण्याला पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. तुमचे आजोबा आणि ते एकाच कामावर, दोन वर्षांसाठी म्हणून तोक्योला आले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. त्यांची बायको नलिनी, म्हणजे माझी नलू, नऊ वर्षांपूर्वी गेली. तुमचे आजोबा तिच्यानंतर दोन वर्षांनी. लिमये आता एदोगावातल्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर एकटे राहतात.

कोणतीही वस्तू दुरुस्त करण्याआधी ते एक वाक्य म्हणतात. "तत्त्वतः सोपं आहे." हे वाक्य ऐकलं की शहाण्या माणसाने ती वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावी. माझा मिक्सर उघडण्याआधी ते असंच म्हणाले होते. दोन तासांनी मिक्सर बंद झाला आणि तीन स्क्रू उरले. "हे जास्तीचे होते," ते म्हणाले. "कंपन्या घाबरून जास्तीचे स्क्रू घालतात." तो मिक्सर आता चटणी करत नाही, पण चालू केला की टेबलावरून चालत जातो.

त्यांचं जपानी हा एक वेगळाच प्रकार आहे. ते वर्गात गेले नाहीत. रोज दीड तास आगगाडीत उभं राहून, गाडीतल्या सूचना ऐकून ऐकून शिकले. त्यामुळे दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे ते त्याच अतिनम्र आवाजात बोलतात. डॉक्टरांच्या खोलीत शिरताना ते जपानीत म्हणतात, "आपल्याला वाट पाहावी लागली याबद्दल क्षमस्व." बाहेर पडताना, "विसरलेलं सामान नाही ना, याची खात्री करून घ्यावी." लोक दचकून खिसे तपासतात.

आणि दर मे महिन्यात ते गॅलरीत पांढरी चादर पसरून त्यावर गहू वाळत घालतात. शेजारी खुर्ची टाकून दिवसभर वर्तमानपत्राने कावळे हाकतात. वसाहतीने खाली फलक लावला: पक्ष्यांना दाणे घालू नयेत. लिमयांनी त्याखाली स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: मी घालत नाही, मी हाकलतो. कोणाचे गहू, दरवर्षी तेच का, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. लिमये आहेत, करत असतील काहीतरी, असंच आम्ही सगळे म्हणायचो.

आता गिरणी. क्रमाने सांगते.

इंग्लंडमधल्या एका ओढ्यावर ती दोनशे वर्षांहून जास्त काळ उभी होती. तीन मजली, दगडी. भिंतीला लागून पाण्यावर फिरणारं मोठं लाकडी चाक, आणि गिरणीला चिकटून गिरणीवाल्याचं घर. दोन्हींच्या मधली भिंत एकच. जपानमध्ये एकेकाळी लोकांकडे फार पैसा झाला होता, तेव्हा इथल्या एका धनिकाने गिरणी आणि घर दोन्ही विकत घेतली. दगड न् दगड सुटा केला, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला, आणि सगळं जहाजाने आणून तोक्योच्या उत्तरेला, गुन्माच्या डोंगरात पुन्हा रचलं. त्याला तिथे अख्खं इंग्रजी खेडं उभारायचं होतं. चर्च, चहाचं दुकान, लाल रंगाची टेलिफोनची खोली. पैसा संपला तसं खेडंही गेलं. गिरणी आणि घर तेवढं झाडीत उभं राहिलं.

गवंड्यांनी उत्तरेकडची भिंत रचताना आकड्यांची बाजू बाहेर ठेवली, मोजायला सोपी जावी म्हणून. पुसायचे राहून गेले. आजही ती भिंत पाढ्यासारखी वाचता येते. लिमये आजोबांनी ती वाचली. मग गावाच्या कचेरीला पत्र लिहिलं की तीनशे सात आणि तीनशे आठ या दगडांची अदलाबदल झाली आहे, कृपया नोंद घ्यावी.

गिरणी त्यांना सापडली तीही त्यांच्याच पद्धतीने. नलू गेली त्याच्या पुढच्या शरदात आम्ही त्यांना ओढून सहलीला नेलं, लाल पानं बघायला. सगळे पानांचे फोटो काढत होते आणि लिमये गायब. अर्ध्या तासाने ते ओढ्याच्या काठावर पालथे पडलेले सापडले. मला वाटलं, घेरी आली. धावत गेले तर म्हणाले, "वहिनी, इथे झोपा आणि बघा. चाकाचा आस अजून सरळ आहे."

मी झोपले नाही. पण त्यांचा चेहरा पाहिला. वर्षभरानंतर त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं.

तेव्हापासून ते दर रविवारी पहाटेची गाडी पकडून तिथे जायला लागले. कचेरीला इतकी पत्रं लिहिली की कंटाळून त्यांनी किल्लीच देऊन टाकली. मग छपराची गळती, चाकाच्या फळ्या, चाकावर पाणी आणणाऱ्या पाटातला गाळ. गिरणीच्या खालच्या वळणावर होशिनो-सान म्हणून ऐंशीच्या घरातल्या बाई आहेत. त्यांचं सोबाचं दुकान आहे, म्हणजे कुट्टूच्या, तुमच्याकडच्या बकव्हीटच्या, पिठाच्या शेवया. त्या कुट्टू स्वतःच्या दगडी जात्यावर दळतात. लिमये पहिल्या दिवशी दुकानात शिरले ते थेट पिठापाशी. अंगठा, तर्जनी, डोळे मिटलेले. होशिनो-सान लाटणं घेऊन उभ्या. बऱ्याच वेळाने ते गाडीतल्या सूचनांच्या आवाजात म्हणाले, "आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार." त्या बाई इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. त्यांच्या पिठाला "जाड" म्हणाले नाहीत, एवढं एकच पीठ मला आठवतं.

गिरणीला चिकटलेल्या घरात दारं बुटकी आहेत. पहिल्या भेटीत माझं डोकं चार वेळा आपटलं. चूल भिंतीत, खिडक्या लहान, आणि मधल्या भिंतीत एक भोक. त्या भोकातून एक दोरी येते आणि स्वयंपाकघरातल्या घंटेला बांधलेली आहे. घंटेचं काम समजून घ्या, पुढे लागेल. गिरणीत वर एक लाकडी खोकं असतं, त्यात धान्य ओततात. धान्याच्या वजनाने दोरी ताणलेली राहते. धान्य संपत आलं की दोरी सैल होते आणि घंटा वाजते. कारण दोन दगडांमध्ये दाणे नसले तर दगड दगडावर घासतो आणि सगळं बिघडतं. गिरणीवाला जेवत असेल, झोपला असेल, घंटा वाजली की उठून धान्य ओतायला पळायचं.

मागच्या उन्हाळ्यात कचेरीची नोटीस आली. इमारत जुनी, धोक्याची, वापरात नाही. वसंतात पाडणार. पाडायची नसेल तर ती वापरात असल्याचं दाखवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी माणूस पाहणीला येईल.

लिमये आजोबा नोटीस घेऊन माझ्याकडे आले. पहिल्यांदाच पिठाचा डबा उघडला नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, ती दळली पाहिजे. एकदा तरी."

"चाक फिरतं ना?"

"चाक फिरतं. दगड बोथट झालेत." मग जरा थांबून, "तत्त्वतः सोपं आहे."

या वेळी मी दुसऱ्या खोलीत गेले नाही.

गिरणीबरोबर इंग्लंडहून पत्र्याची एक पेटी आली होती. आत जुन्या गिरणीवाल्याची वही आणि चित्रं. अक्षर असं की मुंग्या शाईत पडून कागदावरून चालल्यासारख्या. मी तीस वर्षं मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासल्या आहेत, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी रोज सकाळी चार पानं मराठीत उतरवून त्यांना द्यायची. दगडाला खाचा होशिनो-सान पाडणार होत्या. आपल्याकडे जात्याला टाकी लावायला दारावर माणसं यायची, तेच काम. छिन्नी, हातोडी, टक टक टक. लिमये शेजारी कंदील धरून उभे.

ऑक्टोबरात पहिली चाचणी. पाट उघडला, चाक फिरलं, दगड फिरला, आणि पीठ काही बाहेर येईना. आत गरम होऊ लागलं, जळका वास आला. तेवढ्यात कडकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. मोठ्या दातेरी चाकाचा एक लाकडी दात तुटला होता. मला वाटलं, संपलं. लिमये मात्र तो दात हातात घेऊन लहान मुलासारखे नाचत होते.

"वहिनी, बघा काय हुशार लोक. बाकी सगळे दात लोखंडी, हे लाकडी. ताण आला की हा मोडतो, लोखंड वाचतं. दोनशे वर्षांपूर्वी!"

हाच तो दात. तुमच्या टेबलावरचा. नवा दात होशिनो-सानच्या बागेतल्या पडलेल्या सफरचंदाच्या झाडाचा केला.

पीठ का आलं नाही ते मला वहीतल्या चित्रात सापडलं. इथली जाती डावीकडे फिरतात, ही गिरणी उजवीकडे. होशिनो-साननी सवयीने त्यांच्या जात्याच्या खाचा पाडल्या होत्या, त्यामुळे पीठ बाहेर यायच्या ऐवजी आत ढकललं जात होतं. मी भीत भीत सांगितलं. होशिनो-साननी चित्र पाहिलं, दगड पाहिला, आणि एक शब्द न बोलता पुन्हा छिन्नी उचलली. तीन आठवडे. दगडाच्या जुन्या खाचा घासून काढून नव्या, उलट्या. शेवटची खाच पाहणीच्या आदल्या दिवशी झाली.

राहिलं धान्य. दळायला काहीतरी हवं. मी आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी इंग्रजी गिरणीत दळण दळून मिळेल. डबे आणावेत.

मला वाटलं होतं, दोघी येतील. तुम्हाला कल्पना नाही, मुलांनो, ताज्या दळणाचा इथे काय दुष्काळ आहे. थालीपिठाची भाजणी आम्ही पुण्याहून बॅगेतून आणतो आणि सोन्यासारखी वापरतो. त्या रविवारी गुन्माच्या लहानशा स्टेशनवर मला धरून अकरा बायका उतरल्या, पाठीवर सॅक, हातात स्टीलचे डबे. स्टेशनमास्तर टोपी काढून बघत राहिला. गिरणीच्या पायऱ्यांवर अकरा डबे रांगेत लागले, प्रत्येकावर चिठ्ठी. केतकी, गहू, बारीक. मंजिरी, बाजरी. शुभांगीकाकू, उपवासाची भाजणी, आधी दळणे. हे शेवटचे दोन शब्द लाल शाईत.

पाहणीला आलेला अधिकारी तिशीचा होता, हातात कागद अडकवलेली पाटी, डोक्यावर हेल्मेट. तो दाराशी उभा राहिला आणि लिमयांनी पाट उघडला.

पाणी चाकावर पडलं. एक क्षण काहीच नाही. मग चाक कण्हलं, हललं, आणि फिरलं. आतले दात एकमेकांत बसत गेले, जमीन पायाखाली थरथरायला लागली, वरच्या मजल्यावरून धूळ पडली, आणि दगड बोलायला लागला. खोल, गोल आवाज. लिमये हात वर करून सगळ्यांना जपानीत म्हणाले, "धोका आहे, कृपया पिवळ्या रेषेच्या आत उभे राहावे." पिवळी रेष कुठेच नव्हती. तरी सगळ्या मागे सरकल्या, अधिकारीसुद्धा.

आधी होशिनो-सानचं कुट्टू घातलं, दगड धुऊन निघावा म्हणून. पीठ आलं. पन्हाळीतून, कोमट, करडं, हळूहळू. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि लगेच भांडण सुरू झालं.

"आता माझं घाला," केतकी म्हणाली.

"थांब. उपवासाचं आधी," शुभांगीकाकू. "तुझ्या गव्हावर दळलं तर माझा उपवास मोडेल."

"काकू, कुट्टू आधीच गेलंय दगडातून."

"कुट्टू उपवासाला चालतं."

"ते उत्तरेत."

"मग जपान काय पुण्याच्या दक्षिणेला आहे?"

"आणि बाजरीवर माझे गहू मुळीच नकोत," केतकी म्हणाली. "पोळी काळी येते, कडू लागते. मंजिरीताई, तुमचं शेवटी."

"का गं, बाजरीने काय घोडं मारलंय?"

लिमये वरून ओरडले, "अहो, पीठ ते पीठ. दोन मुठी इकडेतिकडे झाल्याने कोणी मरत नाही. लवकर ठरवा, पाणी वाया चाललंय."

"काका, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला गिरणीतलं काय कळतं?" केतकीने खालून सुनावलं.

अधिकाऱ्याने मला हळूच विचारलं, या बायका कशावरून भांडताहेत. मी क्रमाने समजावून सांगितलं. कोणाचं धान्य कोणाच्या धान्यावर दळलेलं चालतं, कोणाचं चालत नाही, आणि नंबर लावायचे कसे. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"हे नेहमीच होतं का?" त्याने विचारलं.

"प्रत्येक गिरणीत," मी म्हटलं. "रोज."

त्याने पाटीवर बराच वेळ काहीतरी लिहिलं. डबे मोजले. चिठ्ठ्यांचे फोटो काढले. शुभांगीकाकूंनी त्याला स्वतःच्या डब्यापासून चार हात दूर उभं केलं. शेवटी त्याने हेल्मेट काढलं, पन्हाळीखालचं पीठ चिमटीत घेतलं आणि अंगठ्याने चोळलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सकाळपासून सगळ्यांना तेच करताना पाहिलं होतं. मग वाकून नमस्कार करून तो गेला.

त्याचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. त्यात लिहिलं होतं: इमारत वापरात आहे. वापरणाऱ्यांची संख्या समाधानकारक. क्रमांकाबाबत तक्रारी आढळल्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं, तो गेल्यानंतरचं.

दुपार कलली होती. मंजिरीची बाजरी शेवटी दळून झाली. बायका डबे सॅकमध्ये भरत होत्या, चारची गाडी होती. मधल्या भिंतीपलीकडे, घराच्या स्वयंपाकघरात, घंटा वाजायला लागली. वरचं खोकं रिकामं होत होतं. कुणीतरी पाट बंद करायचा होता, आणि ते काम लिमयांचं.

ते पाट बंद करायला गेले नाहीत. ते घराच्या बुटक्या दारातून आले, नेहमीप्रमाणे डोकं आपटून, आणि त्यांच्या हातात स्टीलचा एक डबा होता. जुना, झाकणावर पोचे आलेला. त्यावर नाव घातलेलं होतं, आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. चि. सौ. कां. नलिनी हिस, आईकडून.

मी तो डबा ओळखला. नलूच्या ओट्यावर, खिडकीशी असायचा.

घंटा वाजतच होती. ते उभेच. मी म्हटलं, "भावजी, घंटा वाजतेय."

"हो." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, आमची घरातली चक्की जळली होती तेव्हा. मी म्हटलं होतं, करतो दुरुस्त. तिने गहू निवडून, एरंडेल लावून ठेवले. म्हणाली, आता तुमच्या चक्कीच्या भरवशावर नाही राहत, कुठूनही दळून आणा. मी म्हटलं, रविवारी आणतो."

त्या रविवारी नलू दवाखान्यात होती. नंतर घरी आलीच नाही. हे मला ठाऊक होतं. गव्हांचं मला ठाऊक नव्हतं. मे महिन्यातली चादर, खुर्ची, कावळे, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं.

शिडी चढून, डब्याचं झाकण काढून त्यांनी तो खोक्यावर धरला, आणि हात तिथेच थांबला. ते वळून, अगदी लहान आवाजात, बायकांना म्हणाले, "शेवटी बाजरी झाली ना?"

मंजिरीने मान डोलावली.

"बाजरीवर नको," ते म्हणाले. "तिला चालायचं नाही."

केतकीने सॅक खाली ठेवली. तिच्याकडे दुसरा एक लहान डबा होता, परत नेण्यासाठी बांधलेला. सकाळी वेळ पुरला नाही म्हणून राहिलेले गहू. तिने गाठ सोडली, शिडी चढून वर गेली आणि सगळे गहू बाजरीवरच, वरच्या खोक्यात ओतले. घंटा थांबली.

"काका, आधी माझे जाऊ देत," ती म्हणाली. "दगड स्वच्छ होतील."

काळपट, बाजरी मिसळलेलं पीठ आलं. ते तिने आपल्या डब्यात घेतलं आणि झाकण लावलं. चारची गाडी गेली, तरी कुणी सॅक उचलली नाही. पुन्हा घंटा वाजली, तेव्हा लिमयांनी नलूचे गहू ओतले.

नऊ वर्षांचे गहू. पीठ पांढरं, थोडं पिवळसर आलं. एरंडेलाचा पुसट वास होता. त्यांनी चिमूटभर घेतलं, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरलं, डोळे मिटले. आम्ही अकरा बायका आणि होशिनो-सान निकालाची वाट बघत उभ्या होतो. त्यांनी फार वेळ चोळलं. निकाल दिला नाही. चिमूट परत डब्यात सोडली, झाकण लावलं, आणि पाट बंद करायला गेले.

दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. फॉइलमध्ये चार पोळ्या होत्या, कुठल्याही देशाच्या नकाशासारख्या. "तत्त्वतः गोल आहेत," ते म्हणाले. मी एक खाल्ली. एक केतकीला दिली, एक होशिनो-सानना गेली, एक त्यांनी माझ्यासमोर बसून खाल्ली.

आता गोष्ट संपली. काय राहिलं आहे ते लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही याल तेव्हा काय बघायचं ते कळेल. गिरणी उभी आहे. तिला चिकटून घर उभं आहे. उत्तरेच्या भिंतीवर आकडे आहेत, त्यांतले तीनशे सात आणि तीनशे आठ अजून चुकीच्या जागी आहेत. महिन्यातून एका रविवारी चाक फिरतं, आणि कुणाचं कशावर दळायचं याची यादी आता दारावर लावलेली आहे, माझ्या अक्षरात. नलूचा डबा लिमयांच्या ओट्यावर, खिडकीशी आहे. त्यात होशिनो-सानच्या शेतातले गहू असतात. यंदा मे महिन्यात गॅलरीत चादर पसरलेली नव्हती. एक दात तुमच्या टेबलावर आहे.

तुमची,
आजी